नवा बाँडिंग एजंट घ्यावा की नाही, हे कसं ठरवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्लिनिक सुरू करून वर्ष झालं, कंपनीचा प्रतिनिधी नवा युनिव्हर्सल बाँड (फिलिंग दाताला चिकटवणारं द्रव्य, आधी आम्ल लावून किंवा न लावता दोन्ही प्रकारे चालणारं) दाखवून गेला, माहितीपत्रकातल्या आलेखात सगळ्यांत उंच खांब त्याच्याच बाँडचा आहे, आणि तुमचा सध्याचा बाँड तसा बरा चाललाय. बदलावा का? मी १९ वर्षं रोज दाताच्या रंगाची फिलिंग करतोय, त्या अनुभवावरून लिहितो.

आधी तो उंच खांब कुठून येतो ते बघा. काढलेला दात घेतात, डेंटिन (दाताच्या कठीण बाहेरच्या आवरणाच्या, म्हणजे इनॅमलच्या, आतला थर) घासून सपाट करतात, त्यावर बाँड आणि कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) लावतात, मग त्याच्या साधारण १ चौरस मिलिमीटर छेदाच्या काड्या कापून यंत्रात ताणतात. जेवढ्या जोराला काडी तुटली तो आकडा, मेगापास्कल या एककात. काडी जितकी बारीक तितका आकडा मोठा येतो, त्यामुळे एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या शेजारी ठेवून काहीच कळत नाही. शिवाय हे बहुतेकदा २४ तासांनंतरचं मोजमाप असतं. तिथे लाळ नाही, हिरडीतून येणारं रक्त नाही, खोल कॅव्हिटीच्या भिंती आत ओढणारं कॉम्पोझिटचं आकुंचनही नाही.

म्हणून प्रतिनिधीला दोनच गोष्टी विचारा. सहा महिने किंवा वर्षभर पाण्यात ठेवल्यावर हाच आकडा किती उरला? आणि तुलना कोणाशी केली? ऑप्टिबाँड एफएल किंवा क्लिअरफिल एसई बाँड यांच्याशी केली असेल तर त्या तुलनेला वजन आहे, कारण संशोधनात हेच दोघं मापदंड म्हणून वापरले जातात. सुरुवातीला ३५ आणि वर्षानंतर ३० राहणारा बाँड मी ५० वरून २५ वर येणाऱ्यापेक्षा केव्हाही घेईन. पाण्याने बाँडचा थर हळूहळू झिजतो, आणि तोंडात तर पाणी कायमच आहे.

खरी परीक्षा मात्र माणसाच्या तोंडात होते, आणि तीही हिरडीजवळच्या झिजलेल्या खाचांमध्ये. तिथे कीड नसते, फिलिंग अडकून राहील असा कोनाडा नसतो. फिलिंग टिकलं तर ते फक्त बाँडमुळे. वर उल्लेख केलेल्या दोन्ही बाँडचा अशा खाचांमध्ये १३ वर्षांपर्यंत पाठपुरावा झालेला आहे आणि बहुसंख्य फिलिंग जागेवर राहिली. नव्या बाटलीकडून १३ वर्षांची अपेक्षा अर्थातच नाही, पण किमान १८ महिन्यांचे निकाल मागा. सहाच महिन्यांचे असतील तर थांबा.

बाँडच्या घटकांमध्ये एमडीपी नावाचा रेणू आहे का ते पाहा, कारण तो दातातल्या कॅल्शियमशी टिकाऊ रासायनिक बंध तयार करतो. पण एमडीपी आहे म्हणून इनॅमलचं एचिंग (आम्ल लावून पृष्ठभाग खरखरीत करणं) सोडू नका. सौम्य आम्लाचा बाँड इनॅमल पुरेसं खरवडत नाही. फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल खरखरीत केलं की फिलिंग पक्कं चिकटतं, हे दंतसंशोधक बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवलं, त्याला इनॅमलवर आजही तोड नाही. ३७ टक्क्यांचं जेल फक्त कडांना, १५ ते ३० सेकंद, मग धुऊन वाळवल्यावर कडा खडूसारखी पांढरी दिसलीच पाहिजे. दिसली नाही तर परत लावा. कोअर बिल्डअपला (मोडलेल्या दाताचा गाभा उभारायला) सेल्फ-क्युअर (आपोआप घट्ट होणारं) किंवा ड्युअल-क्युअर (आपोआप आणि लाइटनेही घट्ट होणारं) कॉम्पोझिट वापरत असाल तर तो बाँड त्याला चालतो का, हेही विचारून घ्या. आम्लधर्मी बाँडमुळे काही वेळा ते नीट घट्टच होत नाही.

आता माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी नवी बाटली आणली आणि दोन आठवड्यांत चार पेशंट 'थंड लागतं डॉक्टर' म्हणत परत आले. मी बाटलीला दोष दिला. नंतर लक्षात आलं की जुन्या बाँडच्या द्रावकात पाणी होतं आणि नव्याचा द्रावक ॲसिटोन होता. एचिंगनंतर डेंटिन कोरडंठक्क करायची माझी सवय जुना बाँड सांभाळून घेत होता, नव्याने घेतली नाही. डेंटिन सुकलं की त्यातलं कोलॅजनचं जाळं बसतं आणि बाँड आत शिरतच नाही. तेव्हापासून मी प्रत्येक बाँडकडे या नजरेने बघतो: माझ्या हातून जी चूक होते, ती हा किती सहन करतो?

हे तपासायला पेशंट लागत नाही. काढलेला दात घ्या, बाँड लावा आणि असिस्टंटला घड्याळ लावायला सांगा. २० सेकंद चोळलं असं वाटतं तेव्हा प्रत्यक्षात आठ-नऊच झालेले असतात. मग हलकी हवा मारा. आधी थरावर लाटा पळताना दिसतील. त्या पूर्ण थांबून नुसती चकाकी उरेपर्यंत लाइट लावू नका, नाहीतर आतला द्रावक अडकतो. थेंबही ऐनवेळी काढा. आधीच काढून ठेवला तर द्रावक उडून तो चिकट होतो.

हे जमलं की मोजक्या पेशंटवर सुरू करा, शक्य तिथे रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावून. कोणत्या दाताला कोणता बाँड, हे केसपेपरवर लिहा आणि फोटो ठेवा. आठवड्याने थंड लागतंय का विचारा, सहा महिन्यांनी आणि १८ महिन्यांनी कडा बघा. इनॅमलच्या कडेला तपकिरी रेघ दिसायला लागली तर बाटली बदलण्याआधी आपलं एचिंग तपासा.

सध्या कोणता बाँड वापरता ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो दोन किंवा तीन टप्प्यांचा, नाव झालेला असेल आणि पेशंट तक्रार घेऊन येत नसतील, तर मी तुमच्या जागी बदलला नसता. जुन्या पिढीतला एका बाटलीचा सेल्फ-एच (वेगळं आम्ल न लावता स्वतःच दात खरवडणारा) असेल, तर एमडीपी असलेला युनिव्हर्सल बाँड इनॅमलच्या वेगळ्या एचिंगसह नक्की वापरून बघा.