म्युरल, नकली संगमरवर आणि भिंतीची ओल: तुमचे प्रश्न

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न भिंतींवरच्या चित्रांचे आणि टेक्स्चर फिनिशचे आहेत, म्हणून अख्खा कॉलम त्यांनाच देतेय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, हॉलच्या मोठ्या भिंतीवर झाडाचं म्युरल काढून घ्यायचंय. आर्टिस्ट ठरलाय, स्केचपण आवडलं. फक्त भिंतीच्या खालच्या भागात पांढरी पावडर येते, हाताला लागते. पेंटर म्हणतो पुट्टी आणि प्रायमर मारला की दबून जाईल. चालेल का?

नाही चालणार, आणि आर्टिस्टला आत्ताच फोन करून थोडं थांबायला सांगा. ही पावडर म्हणजे लोणा. भिंतीत पाणी मुरतंय, ते गिलाव्यातले क्षार विरघळवून बाहेर आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. तुम्ही वर रंगाचा थर दिलात की हेच क्षार थराच्या मागे साचून कडक होतात आणि रंगाला आतून ढकलतात, मग पोपडे. पुट्टीने फक्त ते दिसायला उशीर होतो.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. खालून सगळीकडे सारखीच पट्टी असेल तर बहुतेक जमिनीतून चढतंय, एकाच जागी डाग असेल तर मागचा पाइप किंवा बाहेरची भेग बघा. घरच्या घरी एक टेस्ट करता येते: साधारण दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन भिंतीला चारी बाजूंनी टेपने चिकटवा, कमीत कमी १६ तास ठेवा, मग काढून बघा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतच आहे, बाहेरच्या बाजूला दिसले तर खोलीतल्या दमट हवेचा प्रश्न आहे. आणि लोणा काढताना कोरडा ब्रश वापरा, पाण्याने धुऊ नका, धुतलात की तेच क्षार विरघळून परत आत जातात.

नवीन गिलावा असेल तर २८ दिवस तरी जाऊ द्या, दमट हवेत त्याहून जास्त लागतात. लिओनार्दोचं 'लास्ट सपर' बघा ना, १४९५ ते १४९८ या काळात रंगवलेलं. ओल्या चुन्यावर भराभर रंगवायचं नव्हतं म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर काम केलं, रंग भिंतीत मुरलाच नाही, वरवर राहिला, त्यात ती भिंत दमट, आणि तो जिवंत असतानाच चित्र सुटायला लागलं होतं. एवढा मोठा हात असूनसुद्धा. म्हणून मी प्रत्येकाला भिंतीबद्दल इतकं विचारत बसते.

प्रश्न: मी स्वतः एका भिंतीवर मार्बल फिनिश केलं. व्हिडिओ बघून शिकले, सामान चांगलं आणलं, पण दगड वाटतच नाही, शिरा नकाशातल्या नद्यांसारख्या दिसतात. काय चुकतंय?

फोटो पाठवलात हे बरं केलंत, त्यामुळे नीट सांगता येतंय. तुमचा हात चांगला आहे, अडचण वेगळीच आहे. तुम्ही खरा दगड जवळून न बघता दुसऱ्याने रंगवलेला दगड बघून काम केलंय. खऱ्या संगमरवराचा एक पॉलिश केलेला तुकडा मिळवा आणि रंगवताना समोर ठेवा, व्हिडिओ बंद.

त्या तुकड्यात काय दिसेल ते सांगते. शिरा साधारण एकाच तिरक्या दिशेने जातात, फुटतात, परत जुळतात, मधेच जाड होतात आणि मधेच अक्षरशः नाहीशा होतात. तुमच्या शिरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीच्या आहेत आणि चारपाच जागी फुली मारल्यासारख्या एकमेकींना कापतात, तिथेच डोळा अडकतो. बारीक ब्रश लांबून, सैल धरायचा आणि ओढता ओढता बोटांत फिरवायचा, थोडा थरथरला तर उत्तमच. जुने कारागीर यासाठी पिसंसुद्धा वापरायचे. शीर ओली असतानाच कोरड्या मऊ ब्रशने तिच्यावरून आडवं हलकेच फिरवा, कडा विरघळतात आणि शीर आत गेल्यासारखी वाटते. ही एक गोष्ट जमली तरी निम्मा फरक पडेल.

दुसरं म्हणजे खोली. दगडाची खोली एका जाड थराने येत नाही, तीनचार पातळ, आरपार दिसणाऱ्या थरांनी येते. खालचा बेस मॅट नको, सॅटिन म्हणजे हलकी चमक असलेला घ्या, कारण मॅट बेस ग्लेझ (म्हणजे रंग पातळ, आरपार दिसणारा करणारं माध्यम) पटकन शोषून घेतो आणि तुम्हाला काम करायला वेळच देत नाही. साधारण चार भाग ग्लेझ आणि एक भाग रंग अशी सुरुवात करा, डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर डब्याचं ऐका. पंखा बंद ठेवा. कड सुकली आणि तिच्यावर पुन्हा ग्लेझ चढला की गडद पट्टा दिसतो आणि तो नंतर काढता येत नाही, त्यामुळे मोठी भिंत असेल तर दोघांनी करा, एकाने ग्लेझ लावत पुढे जायचं, दुसऱ्याने मागून स्पंज आणि ब्रश चालवायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अख्खी १२ फुटी भिंत एकाच सलग दगडाची दाखवू नका. दगड लादीने येतो. भिंतीवर लाद्यांचे भाग आखा, मास्किंग टेप लावा, एकाआड एक लादी रंगवा, सुकली की उरलेल्या, आणि प्रत्येक लादीत शिरांचा कल थोडा बदला. शेवटी सांध्याची एक दोन मिलिमीटरची फिकट रेघ. बघणाऱ्याला कळतही नाही की त्याला दगड का वाटतोय, पण वाटतो. माझा साधा नियम आहे की खरा दगड जिथे बसवता आला असता तिथेच खोटा रंगवायचा. छताला किंवा पाइपला मार्बल कितीही छान केलं तरी मन मान्य करत नाही.

नकली म्हणून या कामाला कमी लेखू नका हं. इटलीतल्या पाँपेई या प्राचीन रोमन शहराच्या घरांत गिलाव्यातून संगमरवराचे ठोकळे उठवलेले आहेत. जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननच्या घराच्या लाकडी फळ्या ठोकळ्यांसारख्या कापून, ओल्या रंगावर वाळू मारून दगडासारख्या केल्यात, आणि हे घर बघायला लोक आजही जातात.

प्रश्न: भाड्याचं घर आहे, मालक भिंतीवर काही काढू देत नाही. काहीच उपाय नाही का?

आहे की. कॅनव्हासवर रंगवून घ्या. मोठा कॅनव्हास भिंतीला चिकटवायची पद्धत फार जुनी आहे, पण तुमच्या बाबतीत चिकटवू नका, वरच्या कडेला लाकडी पट्टी लावून टांगा. घर बदललं की गुंडाळून न्या, गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवा.

प्रश्न: आमच्या क्लिनिकच्या पॅसेजमध्ये लांब जाणाऱ्या गल्लीचं थ्रीडी म्युरल केलं. दारातून मस्त दिसतं, पण चालत गेलं की वाकडं. आर्टिस्टची चूक आहे का?

चूक म्हणता येणार नाही, हा पर्स्पेक्टिव्हचा स्वभावच आहे. असं चित्र एकाच जागेवरून बरोबर दिसतं. रोमच्या सांत इग्नाझिओ चर्चमध्ये आंद्रेया पोझ्झोने १६८५ मध्ये सपाट कॅनव्हासवर घुमट रंगवला, आणि तो खरा वाटावा म्हणून कुठे उभं राहायचं त्याची खूण तिथे जमिनीवर केलेली आहे. तिथून बाजूला सरकलं की तोही कलंडतो. पण पॅसेजमध्ये माणूस चालणार, उभा राहणार नाही, त्यामुळे तिथे खोल गल्ली नकोच होती. कोनाडा, जाळी, वेल, कपाटातली भांडी अशी चार बोटं खोलीची चित्रं चालत्या माणसाला जास्त पटतात. आता पूर्ण पुसायची गरज नाही, लांबचा भाग धुक्यात टाकून जवळची झाडं पुढे आणता येतील, त्याच आर्टिस्टशी बोला. सावल्यापण तपासा, पॅसेजचा खरा उजेड ज्या बाजूने येतो त्याच बाजूचा उजेड चित्रात हवा.

खालच्या एक मीटरला बॅगा, हात, ट्रॉली घासणारच. तिथे धुता येणाऱ्या वार्निशचे दोन कोट द्या.

आणि बदल करायच्या आधी आर्टिस्टची लेखी संमती घ्या, हे सगळ्याच दुकानदारांना सांगतेय. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्झ इमारतीवरची म्युरल्स मालकाने २०१३ मध्ये एका रात्रीत पांढरी केली, २०१८ मध्ये कोर्टाने कलाकारांना ६७.५ लाख डॉलर द्यायला लावले. देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत, पण भिंत तुमची म्हणून चित्रावरचे सगळे हक्क तुमचे असं धरून चालू नका. चित्र कधी बदलता येईल, दुरुस्ती कोण करेल, हे सुरुवातीलाच कागदावर घ्या.

प्रश्न: ताई, मी आर्टची स्टुडंट आहे, पहिलंच बाहेरच्या भिंतीचं काम मिळालंय. ऊन खूप असतं तिथे. रंग कोणते घेऊ? आणि स्केच एवढं मोठं कसं करू?

अभिनंदन गं! रंगाच्या नावावर जाऊ नकोस, डब्याच्या मागे पिगमेंटचा, म्हणजे रंग देणाऱ्या मूळ भुकटीचा, कोड बघ. पी आर १०१, पी वाय ४२ हे लोखंडाच्या ऑक्साइडचे लाल-पिवळे आहेत, उन्हात वर्षानुवर्षं टिकतात. फ्लोरोसेंट रंग बाहेर अजिबात नकोत, आणि झगझगीत गुलाबी-जांभळे घेताना लाइटफास्टनेस, म्हणजे उजेडात रंग किती टिकतो ते, विचारूनच घे. ज्यावर कोडच नाही तो डबा घेऊ नकोस.

मोठं करायला चौकोन आखायची पद्धत अजून सगळ्यात भरवशाची आहे, स्केचवर १ सेंटीमीटर तर भिंतीवर १०, किंवा जे प्रमाण बसेल ते. ओळंबा सोडून उभ्या रेघा मार, भिंतीच्या कडेवर विश्वास ठेवू नकोस, ती सरळ असेलच असं नाही. प्रोजेक्टर वापरलास तर तो भिंतीला अगदी काटकोनात हवा, नाहीतर चित्र एका बाजूने पसरतं. आणि दर तासाला खाली उतरून रस्त्याच्या पलीकडून बघ, लोक तिथूनच बघणार आहेत. भर उन्हात तापलेल्या भिंतीवर रंगवू नकोस, रंग पसरायच्या आधीच सुकतो, सकाळी लवकर किंवा भिंत सावलीत आली की काम कर.