लॅपटॉपची चिप गेली म्हणतात. घरी दुरुस्त करता येईल का?

तुमचा प्रश्न असा : दुकानदार म्हणतो चिप गेली, बोर्ड बदला. तुम्हाला सोल्डरिंग येतं, मग चिप उघडून दुरुस्त करावी की सुटे भाग आणून नवीच जोडावी?

आतून दुरुस्ती होणार नाही. काळ्या कवचात सिलिकॉनचा पातळ तुकडा असतो, त्याला डाय म्हणतात. पायांच्या पुष्कळ चिपांत त्याला जोडणारी सोन्याची तार जेमतेम २५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे केसाच्या निम्म्याहून बारीक. कवच काढायला तीव्र नायट्रिक ॲसिड वापरतात, ते घरात आणूच नका. नवी चिप घरी बनवायचं म्हणाल, तर अमेरिकेत सॅम झेलूफ नावाच्या मुलाने हायस्कूलमध्ये असताना गॅरेजात चिप बनवली, २०१८ साली. तिच्यात सहा ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज चालू-बंद करणारे बारीक घटक, होते. २०२१ मध्ये त्याने शंभरापर्यंत मजल मारली, तेही १० मायक्रॉनच्या मापावर. इंटेलची १९७१ ची ४००४ ही प्रोसेसर चिप याच मापाची. मला त्या पोराचं फार कौतुक आहे, पण तुमचा लॅपटॉप त्या वाटेने सुरू व्हायचा नाही.

चिप बदलता मात्र येते. मी गोव्यात डिचोलीला बोर्ड दुरुस्त करतो. माझं सांगणं एवढंच, की चिप गेली हे आधी स्वतः तपासा. आपल्याकडे पावसात हवा इतकी ओली, त्यात हरमल-मोरजीकडच्या घरांत खारा वारा. बोर्डावर हिरवा गंज चढतो आणि दोन पायांमध्ये वीज झिरपते. बॅटरी काढा, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश घेऊन पाय घासा, नीट वाळू द्या. कित्येक ‘मेलेले’ बोर्ड माझ्याकडे एवढ्यावरच उठले आहेत. तरीही सुरू झाला नाही तर आठ पायांची बायोसची चिप बघा; लॅपटॉप सुरू करणारा पहिला प्रोग्राम तिच्यात असतो. तिच्यातला डेटा बिघडला असेल तर प्रोग्रामर नावाच्या स्वस्तातल्या यंत्राने तो पुन्हा भरता येतो. मात्र चिप १.८ व्होल्टची असेल तर अडॅप्टर लावल्याशिवाय जोडू नका, जळेल.

पोटाखाली सोल्डरच्या गोळ्या असलेली बीजीए चिप हे वेगळं काम. ती हॉट एअरने काढायची, विकने (तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) जुनं सोल्डर पुसायचं, फ्लक्स (सोल्डर नीट धरायला लावतात तो लेप) लावून स्टेन्सिलवर नव्या गोळ्या बसवायच्या, मग पुन्हा तापवायची. शिशाचं ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं, बिनशिशाचं २१७ च्या पुढे. म्हणून खालून प्रीहीटर हवाच, नाहीतर बोर्ड वाकतो.

इथे मी एकदा सपशेल चुकलो. जुलैचा महिना, चवथीच्या आधी लॅपटॉप द्यायचा होता. नवी चिप उघड्या पाकिटात आठवडाभर ड्रॉवरमध्ये पडलेली. ती तशीच बसवली आणि तापवायला घेतली, तर ‘टक्’ असा बारीक आवाज आला. काढून पाहिली, तर पोटाला फुगवटा. कवचाने ओल शोषली होती, तिची वाफ झाली आणि आतले थर सुटले. तेव्हापासून पाकीट उघडं राहिलं की चिप १२५ अंशांवर भाजल्याशिवाय मी हात लावत नाही; जाड चिपला चोवीस तासही लागतात. स्वयंपाकाच्या ओव्हनात हे करू नका. ट्रेमधल्या चिपांनाच एवढी उष्णता चालते, प्लॅस्टिकच्या रिळातल्यांना नाही.

आणि कोणी नुसतं तापवून लॅपटॉप सुरू करून दिला, तर तो दुरुस्त झाला असं समजू नका. बऱ्याचदा तडा डायखालच्या बारीक जोडांत असतो. उष्णतेने ते तात्पुरते चिकटतात आणि काही दिवसांत पुन्हा सुटतात. अशी चिप बदलावीच लागते.

पहिला हात तुमच्या बोर्डावर नको. भंगारवाल्याकडून दोन-तीन मेलेले बोर्ड आणा, आधी आठ पायांच्या चिपा काढून परत बसवा. बोर्डावरचे तांब्याचे पॅड न उखडता सलग दहा जमल्या की मग बीजीएकडे वळा. तोवर चिपेवरचा नंबर वाचता येईल असा फोटो टाका, आणि चार्जर लावल्यावर ३.३ व्होल्टच्या लाइनवर मल्टिमीटर काय दाखवतो तेही लिहा.