खासगी जमीन आणि दुर्मिळ जीव : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नामशेष होण्याच्या मार्गावर असलेल्या प्राणी-पक्ष्यांचे संरक्षण आणि जमीनमालकाचे हक्क यांच्यातील संघर्षाविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न येथे घेतले आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत. उत्तरे मात्र विषयाच्या गरजेप्रमाणे लहानमोठी झाली आहेत.

प्रश्न : जमीन माझ्या नावावर आहे आणि तिचा सारा मी भरतो. तेथे एखाद्या दुर्मिळ पक्ष्याने अंडे घातले, तर मी काय करावे आणि काय करू नये हे सरकार कोणत्या अधिकाराने सांगते?

उत्तर : जमिनीची मालकी म्हणजे अनेक हक्कांची मोळी असते. कसण्याचा, विकण्याचा, गहाण ठेवण्याचा, वारसांना देण्याचा असे कितीतरी हक्क त्या मोळीत असतात. पण त्या जमिनीवर येऊन राहिलेल्या वन्य जीवाचा नाश करण्याचा हक्क आपल्या कायद्याने तिच्यात धरलेला नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मधील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच रुंद आहे. पक्ष्यांच्या आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत अंड्यांना इजा करणे, इतकेच नव्हे तर अंडी किंवा घरटे विचलित करणे हेसुद्धा तिच्यात येते, आणि जमीन सरकारी आहे की खासगी याने त्यात काही फरक पडत नाही.

माळढोकाचे उदाहरण घेऊ. हा पक्षी घरटे बांधतच नाही. मादी उघड्या माळावर, गवताच्या दोन झुपक्यांमधल्या मोकळ्या जागी बहुधा एकच अंडे घालते. ते मातकट-हिरवट असते, त्याच्यावर तपकिरी ठिपके असतात, आणि चार पावलांवरूनही ते दगडासारखेच दिसते. बैलाचा खूर पडला, कुत्रे आले किंवा नांगर फिरला की त्या मादीचा तो प्रयत्न संपला. अशा जीवाच्या बाबतीत मालकाची एका सकाळची कृती ही साऱ्या समाजाची कायमची हानी ठरू शकते, आणि म्हणून सरकारला तेथे बोलण्याचा अधिकार आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र या अधिकाराला मर्यादा आहेत. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला गेला, तरी अनुच्छेद 300-क नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येत नाही. मे 2024 मध्ये कोलकाता महानगरपालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच अनुच्छेदाचे सात पदर उलगडून दाखवले. मालकाला सूचना मिळाली पाहिजे, त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, रास्त मोबदला दिला पाहिजे आणि सारी प्रक्रिया वेळेत पुरी झाली पाहिजे, हे त्यांत येते. विशिष्ट हानिकारक कृती करू नका असे सांगणे वेगळे आणि जमिनीचा उपयोगच संपवणे वेगळे. वाद या दोहोंमधल्या पट्ट्यात होतात.

प्रश्न : आमचे शेत अभयारण्याच्या हद्दीत दाखवले आहे. विकता येत नाही, बांधकामाला परवानगी मिळत नाही आणि भूसंपादनही होत नाही. असे किती वर्षे चालू शकते?

उत्तर : कायद्याप्रमाणे हे फार काळ चालू नये. व्यवहारात मात्र ते दशकानुदशके चालते, आणि या साऱ्या विषयातली सर्वांत मोठी अन्यायाची जागा मला हीच वाटते.

आधी कायद्याचा क्रम पाहू. वन्यजीव अधिनियमाच्या कलम 18 खाली शासन अभयारण्य घोषित करण्याचा आपला इरादा जाहीर करते. त्या क्षणापासून कलम 20 लागू होते आणि त्या क्षेत्रातील जमिनीवर वारसाहक्काखेरीज कोणताही नवा हक्क संपादन करता येत नाही. म्हणजे मुलाला शेत मिळेल, पण खरेदीदाराला मिळणार नाही. यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी उद्घोषणा काढायची, दावे मागवायचे, चौकशी करायची आणि कलम 24 नुसार तीन मार्गांपैकी एक निवडायचा : ती जमीन हद्दीतून वगळणे, ती संपादित करणे, किंवा मुख्य वन्यजीव रक्षकांशी विचारविनिमय करून मालकाचा हक्क चालू ठेवणे. कलम 25-क सांगते की ही कार्यवाही शक्यतो दोन वर्षांत पुरी व्हावी. अंतिम अधिसूचना यानंतरची आहे. ‘शक्यतो’ या एका शब्दात कित्येक कुटुंबांची एकेक पिढी अडकून पडली आहे. निर्बंध पहिल्या दिवसापासून आणि निकाल कधीतरी, असा हा उलटा क्रम आहे.

महाराष्ट्रात 1979 साली माळढोक अभयारण्य घोषित झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे 8,496 चौरस किलोमीटर होते आणि ते सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेले होते. त्यात गावेच्या गावे, बागायती शेते आणि रस्ते आले. पक्षी राहत होता तो गवताळ माळांच्या तुकड्यांत. निर्बंध मात्र ज्यांनी तो पक्षी आयुष्यात पाहिला नव्हता त्यांच्यावरही पडले. पुढे फेरआखणी होऊन हे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आले. मधल्या काळात सिंचन वाढले, माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या आणि पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला. सगळा दोष अधिसूचनेला देणे चुकीचे ठरेल. परंतु ज्या कागदाने शेतकऱ्याचे हात बांधले, त्याच कागदाला माळ वाचवता आला नाही, हेही तितकेच खरे आहे.

मध्य प्रदेशातील करेराची कहाणी याहून बोलकी आहे. तेथे 1981 साली याच पक्ष्यासाठी अभयारण्य झाले, आणि त्यातली बरीच जमीन खासगी होती. संरक्षणामुळे काळविटांची संख्या वाढली, ते पिकांत शिरू लागले, जमिनीचे व्यवहार थांबले, आणि गावकऱ्यांच्या मनात या साऱ्याचे कारण म्हणून माळढोकाचे नाव पक्के बसले. 1990 च्या दशकात तेथून पक्षी नाहीसा झाला. अभयारण्याची अधिसूचना रद्द व्हायला मात्र 2022 साल उजाडले. ज्या पक्ष्यासाठी बंदी घातली तो गेल्यानंतरही ती बंदी पाव शतकाहून अधिक काळ तशीच राहिली.

आपल्यापुरते सांगायचे, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून आपल्या गट क्रमांकावर कलम 24 खाली कोणता निर्णय झाला आहे हे विचारावे. निर्णय झालाच नसेल, तर तो मुदतीत द्यावा यासाठी उच्च न्यायालयात दाद मागता येते. ‘अभयारण्यच रद्द करा’ या मागणीपेक्षा ‘माझ्या दाव्यावर निर्णय द्या’ ही मागणी कायद्याच्या दृष्टीने पुष्कळ भक्कम आहे.

प्रश्न : दुर्मिळ प्राणी दिसला तर कोणाला सांगू नये, आधी जागा साफ करून टाकावी, असे लोक उघड बोलतात. कायदा कडक असल्यामुळेच असे होते काय?

उत्तर : काही अंशी होय, आणि याचा सर्वांत चांगला अभ्यास झालेला दाखला अमेरिकेतला आहे. तेथे लाल गालपट्टीचा एक लहानसा सुतार पक्षी आहे. इतर सुतार पक्षी वाळलेल्या खोडात ढोली करतात. हा मात्र जिवंत आणि वयस्क पाइनच्या खोडात करतो, आणि एक ढोली पुरी व्हायला त्याला कित्येक वर्षे लागू शकतात. ढोलीच्या भोवती तो बारीक बारीक भोके पाडत राहतो, त्यांतून राळ ओघळते, आणि त्या चिकट ओघळांमुळे सापाला वर चढता येत नाही. दुरून पाहिले तर ते खोड मेणबत्ती वितळल्यासारखे दिसते.

अशी झाडे खासगी लाकूडमालकांच्या जमिनीवरही होती. 1973 च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यानुसार पक्षी आला की भोवतालची तोड थांबणार हे मालकांना ठाऊक होते. नॉर्थ कॅरोलिनातील 1980 च्या दशकातील नोंदी तपासून दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये दाखवून दिले की या पक्ष्यांच्या वसाहती जितक्या जवळ, तितकी झाडे लवकर आणि कोवळ्या वयात तोडली जाण्याची शक्यता अधिक होती. त्यात बेकायदेशीर काहीच नव्हते, कारण पक्षी तेथे अजून पोहोचलाच नव्हता. झाड म्हातारे होऊच दिले नाही की पक्षी येत नाही, एवढाच तो हिशेब होता.

यावर 1995 मध्ये त्याच राज्यात एक करारपद्धत सुरू झाली. आज आपल्या जमिनीवर जेवढे पक्षी आहेत तेवढे सांभाळण्याची हमी मालकाने द्यायची, आणि त्याने जंगल राखल्यामुळे उद्या जे वाढतील त्यांच्यासाठी नवे निर्बंध लादणार नाही अशी हमी सरकारने द्यायची. पक्षी वाढले म्हणून शिक्षा नाही, हे लेखी मिळाल्यावर मालक पुढे आले. 2024 मध्ये या पक्ष्याचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून एक पायरी खाली, ‘धोक्यात’ असा करण्यात आला. सरकारी जंगलांतील कामाचा त्यात मोठा वाटा आहे. तरी खासगी जमिनीवरची भीती गेली नसती, तर हे घडणे अवघड होते.

प्रश्न : ज्या जमिनीवर तो जीव आज राहतच नाही, तिच्यावरही निर्बंध घालणे योग्य आहे काय?

उत्तर : अमेरिकेत हा प्रश्न एका बेडकामुळे सर्वोच्च न्यायालयात गेला. लुइझियानातील 1,544 एकर खासगी जमीन या बेडकाचा महत्त्वाचा अधिवास म्हणून जाहीर झाली होती. तेथे तो 1965 नंतर दिसला नव्हता, पण त्याच्या प्रजननाला लागणारी पावसाळी डबकी तेथे शाबूत होती. डबक्यांभोवतीचे जंगल मात्र त्याच्या राहण्याजोगे उरले नव्हते. 2018 मध्ये न्यायालयाने सांगितले की ‘महत्त्वाचा अधिवास’ ठरण्यासाठी ती जागा मुळात अधिवास असली पाहिजे. मला हा निर्णय रास्त वाटतो. रिकामी झालेली जागा पुन्हा वसवायची असेल, तर ती विकत घ्यावी किंवा भाड्याने घ्यावी. मालकाच्या माथी फुकट मारू नये.

प्रश्न : कायदा पाळण्यासाठी पैसे का द्यावेत? उद्या प्रदूषण न करण्याचेही पैसे मागितले जातील.

उत्तर : आपली शंका गंभीर आहे आणि मी ती अर्धी मान्य करतो. अंडे फोडू नये, विष घालू नये, यासाठी मोबदला देण्याचा प्रश्नच नाही. पण माळ नांगरू नका, झाड आणखी तीस वर्षे उभे ठेवा, चारा कापणी दोन महिने पुढे ढकला, असे आपण सांगतो तेव्हा त्या माणसाकडून एक सेवा घेत असतो. प्रदूषण करणारा हानी निर्माण करतो. माळ राखणाऱ्याच्या वाट्याला मात्र ओझे येते ते त्याने तो इतकी वर्षे राखला म्हणून. शेजाऱ्याने चाळीस वर्षांपूर्वीच माळ मोडला आणि आज तो मोकळा आहे. राखणाऱ्यावरच भार टाकणारी व्यवस्था न्याय्य नाही, आणि टिकाऊ तर मुळीच नाही.

पैसे कशासाठी द्यायचे हेही महत्त्वाचे आहे. स्वीडनने 1996 पासून तेथील उत्तरेकडच्या सामी या मूळ रहिवासी समाजातील रेनडिअरपालकांना मारल्या गेलेल्या जनावरागणिक भरपाई देणे बंद केले आणि त्यांच्या भागात लिंक्स किंवा वुल्वरिन या रेनडिअर मारणाऱ्या शिकारी प्राण्यांची वीण झाल्याची नोंद होईल त्याप्रमाणे रक्कम देणे सुरू केले. नुकसानीचा पुरावा गोळा करण्यापेक्षा वुल्वरिनचे बीळ सुखरूप राहण्यात पालकाचे हित गुंतले.

आणि प्रत्येक ठिकाणी पैसाच लागतो असेही नाही. आसामात कामरूप जिल्ह्यातील दादरा परिसरात हरगिला हा मोठा करकोचा लोकांच्या परसातल्या झाडांवर घरटी करतो. कुजके मांस, विष्ठा आणि त्यांची दुर्गंधी यांमुळे मालक त्याला कंटाळलेले असत. 2007 मध्ये एका मालकाने घरट्यांसकट झाड तोडले आणि नऊ पिले खाली आली. ती पाहिलेल्या संशोधक पूर्णिमा देवी बर्मन यांनी खटल्याची वाट धरली नाही. त्या झाडांच्या मालकांना मान देत, गावातल्या स्त्रियांना सोबत घेत काम करत राहिल्या. सुरुवातीला तिशीच्या आत असलेली घरटी पुढे दोनशेच्या वर गेली.

प्रश्न : वडिलोपार्जित गवताळ माळ आहे. तो मोडायचा नाही आणि पक्ष्यांसाठी राखायचा आहे. कायदेशीर मार्ग कोणता?

उत्तर : 2002 च्या दुरुस्तीने वन्यजीव अधिनियमात आलेले कलम 36-ग आपल्यासाठी आहे. व्यक्तीने किंवा समुदायाने स्वेच्छेने पुढे आणलेली जमीन त्याखाली ‘समुदाय राखीव क्षेत्र’ म्हणून घोषित होऊ शकते, आणि मालकी आपलीच राहते. कर्नाटकातील कोक्करे बेळ्ळूर हे गाव 2007 मध्ये असे घोषित झाले. तेथे झोळीवाले पाणकोळी आणि चित्रबलाक लोकांच्या मालकीच्या चिंचांवर वीण करतात आणि चिंचेच्या उत्पन्नात येणाऱ्या घटीबद्दल वनखाते झाडमालकांना रक्कम देते. जमीन खासगी असेल, तर 2022 च्या दुरुस्तीनुसार व्यवस्थापन समितीत स्वतः मालक, वनखात्याचा प्रतिनिधी आणि संबंधित पंचायतीचा किंवा आदिवासी समुदायाचा प्रतिनिधी असतात.

अर्ज करण्यापूर्वी मात्र एक गोष्ट नीट वाचावी. घोषणा झाल्यानंतर जमिनीच्या वापरात बदल करायचा, तर समितीचा ठराव आणि राज्य शासनाची मंजुरी दोन्ही लागतात. पुढे अडचण आली म्हणून एकट्याच्या इच्छेने त्यातून बाहेर पडता येत नाही. माळ वडिलोपार्जित आहे, म्हणजे भाऊ-बहिणींची नावेही अभिलेखात असतील. त्या सर्वांची लेखी संमती आधी घ्यावी, आणि संपूर्ण क्षेत्राऐवजी पक्षी प्रत्यक्ष वापरतात तेवढाच भाग मोजणी करून प्रस्तावात घालावा.