पंख का पिळवटतो? बाल्साच्या विमानांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, मी जुळे सोलापुरात राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पिळलेल्या रबरावर उडणारं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं विमान केलं. पंखांचा सांगाडा टेबलावर अगदी सपाट बसत होता. टिश्यू म्हणजे पातळ कागद चिकटवला, पाणी फवारलं, फॅनखाली सुकायला ठेवला. सकाळी बघतो तर डावा पंख पिळवटलेला. सगळा कागद काढून परत लावू का?

उत्तर : काढू नकोस. सांगाडा सरळ होता, पीळ कागदाने घातलाय, आणि तो कागदाकडूनच काढून घेता येतो.

टिश्यू म्हणजे सांगाड्यावर चढवलेलं नुसतं आवरण, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. तो ओला झाला की सैल पडतो आणि वाळताना आक्रसतो. त्या आक्रसण्यातूनच पंखाला ताठपणा येतो, पण त्या ओढीपुढे २ मिमीच्या बाल्साच्या काठीचं काही चालत नाही. माझी नोकरी इथल्या गिरणीत सायझिंग खात्यात झाली. खळ दिलेलं सूत वाळताना एका अंगाला ताण जास्त पडला, की पुढे मागावर ताणा तुटतच राहायचा. तुझ्या पंखाचंही तेच झालं. फॅनचा वारा वरून, खालची बाजू ओली, आणि पंख धरून ठेवायला काही नाही.

आता असं कर. पातेल्यात पाणी उकळ. पंख वाफेवर हातभर उंच धर आणि पिळाच्या उलट दिशेने, सरळ होईल त्याहून किंचित जास्त वळव. कागद मऊ पडलेला बोटांना कळतो. मग वाफेतून बाजूला घे आणि पूर्ण गार होईपर्यंत तसाच धरून ठेव. घाईने सोडलास तर पीळ परत येईल. एकदा भागलं नाही तर पुन्हा वाफ दे.

पुढच्या पंखाला मात्र आधीपासून जप. पहिली गोष्ट कागदाच्या धाग्याची. टिश्यूचा कोपरा दोन्ही दिशांनी फाडून बघ. एका दिशेने तो सरळ फाटतो, दुसरीकडे वाकडातिकडा. सरळ फाटतो ती धाग्याची दिशा. ती पंखाच्या लांबीला धरून ठेवायची. कागद धाग्याच्या आडवा जास्त आक्रसतो, त्यामुळे असा लावला की दोन रिबांच्या, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या, मधे तो कमी खोल बसतो. आधी खालची बाजू झाक, मग वरची. वरच्या बाजूला गोंद फक्त चौफेर कडेला लाव. खालून रिबा आत वळलेल्या असतील तर तिथे प्रत्येक रिबेला गोंद हवा, नाहीतर कागद ताणून सपाट होतो आणि पंखाचा आकारच जातो.

पाणी दोन्ही बाजूंना सारखं, अगदी बारीक तुषार पडतील असं फवार. सांगाडा फार नाजूक असेल तर निम्मं पाणी, निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल घे, ओढ कमी बसते. आणि वाळेपर्यंत पंख लाकडी फळीवर टाचण्यांनी जखडून ठेव, खाली चारी बाजूंना बारीक काड्या देऊन, म्हणजे खालूनही हवा खेळेल. त्याच वेळी दोन्ही टोकांना मागच्या कडेखाली ३ मिमीची चकती सरकव. टोकं मागून अशी थोडी उचललेली राहिली की वेग पडल्यावर पंखाचं टोक आधी गळत नाही, विमान एका अंगावर कोसळत नाही. दोन्ही बाजूंची उंची मात्र सारखीच हवी. फॅन बंद.

प्रश्न : पंढरपूरहून लिहितो. जुलैत डोप (टिश्यूवर द्यायचं लॅकर) मारला तर पंखावर पांढरी साय धरली. माल खराब निघाला का?

उत्तर : माल ठीक आहे, हवा दमट होती. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ तिथे धरते आणि डोपमधलं नायट्रोसेल्युलोज पांढरं होऊन बसतं. कोरड्या दिवशी, दुपारी, नुसत्या थिनरचा हलका हात फिरवा, साय बहुतेक विरघळते. पावसाळ्यात सांगाडे करावेत, डोपचं काम दिवाळीनंतर काढावं.

डोप मिळत नसेल तर फर्निचर पॉलिशवाल्यांकडचं क्लिअर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर निम्म्याला निम्मं एनसी थिनर घालून वापरता येतं. त्यात एरंडेल तेलाचे थोडे थेंब जरूर टाका. तेल नसलेला थर महिनोन्महिने आक्रसत राहतो आणि सरळ केलेला पंख कपाटात ठेवल्याठेवल्या वाकतो. हात पातळ, दोन पुरे. हे सगळं भयंकर ज्वालाग्राही आहे. खिडक्या उघड्या ठेवा, आणि घरात गॅस किंवा देवापुढचं निरांजन चालू असताना डबा उघडूच नका.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. तिला हा छंद लावायचा आहे. बाल्सा कसा निवडायचा? दुकानात सगळ्या शीट सारख्याच दिसतात.

उत्तर : ताई, दिसतात सारख्या, वजनात दुपटीचा फरक असतो. सोबत छोटा डिजिटल काटा न्या. १.५ मिमी जाड, ७५ मिमी रुंद, ९०० मिमी लांब शीटचं आकारमान जवळजवळ १०० घन सेंटिमीटर भरतं. म्हणजे काट्यावर १० ग्रॅम आले तर घनता घनमीटरला १०० किलो, १६ आले तर १६०. रिबा आणि शेपटीला १० ग्रॅमच्या आसपासची घ्या. पंखाच्या लांब काठ्यांना जड चालते, तिथे ताकद लागते. रिबांसाठी शीटवर ठिपक्यांसारखी चमकदार नक्षी असलेला तुकडा शोधा. तो आडवा वाकत नाही, पातळ रिब ताठ राहते. गोल वळवायच्या भागाला मात्र तो घेऊ नका, तडकतो.

सुरुवातीला साधा पांढरा फेव्हिकॉल पुरतो. झटपट चिकटणारा गोंद मुलीच्या हातात इतक्यात देऊ नका. बोटं चिकटतात, वाफ डोळ्यांना झोंबते, आणि चुकून वाकडी बसलेली रिब परत हलवता येत नाही. विमानाच्या नकाशावर पातळ प्लॅस्टिक अंथरायचं म्हणजे सांगाडा कागदाला चिकटत नाही. कागद लावण्याआधी सगळा सांगाडा ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने एकसारखा घासून घ्यायला तिला शिकवा. गोंदाचा एक राहिलेला थेंबही टिश्यूखालून डोकं वर काढतो.

प्रश्न : रंग कोणता द्यावा?

उत्तर : देऊ नका. रंगीत टिश्यूच वापरा, आणि पट्टे, अक्षरंही टिश्यूची कापून थिनरने चिकटवा. रंगाचं वजन विमानाला शेवटपर्यंत वाहावं लागतं.

प्रश्न : अक्कलकोट रोडला राहतो. विमान तयार आहे. सोलापुरात उडवायचं कुठे आणि कधी?

उत्तर : थंडीत सूर्य वर येण्याआधी. त्या वेळी पानही हलत नाही. होम मैदान सोयीचं, पण जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते. होटगी रोडला विमानतळ आहे, त्या बाजूला जाऊ नका. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडेही नको, ते माळरान पक्ष्यांचं आहे. ज्वारी काढलेलं रान लांबून मोकळं दिसतं, पण धसकटं टिश्यूला सरळ भोसकतात. गवताचा माळ सगळ्यात चांगला.

आधी रबर न पिळता हाताने सोडा. तोल पंखाच्या रुंदीच्या पुढून एक तृतीयांशावर असू द्या. नाक वर करून थबकलं आणि मग खाली आपटलं तर नाकात चिमूटभर प्लॅस्टिसिन (मुलांची खेळायची माती) घाला. सरळ सूर मारला तर नाकातलं थोडं काढा, किंवा शेपटीची मागची कड किंचित वर करा. एका वेळी एकच बदल, म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं. तोल साधला की मग थोडेच वेढे देऊन सोडा. १८७१ मध्ये आल्फोन्स पेनोने पॅरिसच्या त्विलरी बागेत पिळलेल्या रबरावर आपलं विमान उडवलं, ते हवेत ११ सेकंद टिकलं. तुमचं पहिल्या दिवशी तेवढं टिकलं तर भरपूर झालं, त्याच दिवशी वेढे वाढवत बसू नका. घरी आल्यावर रबर काढून अंधाऱ्या, थंड जागी ठेवा, आणि विमान पत्र्याखालच्या माळ्यावर नको. मे महिन्यात तिथली उष्णता कागदाला परत आक्रसायला लावते.