मुलीला रेडिओवर काम करायचे आहे, पण नेमके कोणते?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तरुण श्रोत्यांसाठी चालणाऱ्या शहरी संगीत वाहिनीवर तिला आरजे (रेडिओ जॉकी, म्हणजे निवेदक) व्हायचे आहे आणि त्यासाठी पदवी अर्धवट सोडून काही महिन्यांचा अभ्यासक्रम करण्याचा हट्ट तिने धरला आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ‘नुसत्या बडबडीवर कुणाचे पोट भरते का, आणि हल्ली रेडिओ ऐकते तरी कोण?’ हे तुमचे दोन प्रश्न रास्त आहेत. मात्र त्यांच्याकडे वळण्याआधी पत्रातल्या एका वाक्यावर थांबायला हवे. ‘मला माझ्या आवडीची गाणी लोकांना ऐकवायची आहेत,’ हे तिचे बोलणे तुम्ही जसेच्या तसे उतरवले आहे, आणि माझ्या मते सगळा निर्णय त्यावरच अवलंबून आहे.

याचे कारण असे की, व्यावसायिक संगीत वाहिनीवर बोलणारा माणूस सहसा गाणी निवडत नाही. एके काळी तो निवडत असे. पुढे 1950 च्या दशकाच्या अखेरीस, विशिष्ट गाणी वाजवण्यासाठी निवेदकांनी पैसे घेतल्याचे प्रकरण अमेरिकेत गाजले, ॲलन फ्रीडसारख्या लोकप्रिय निवेदकाची कारकीर्द त्यात संपली आणि गाण्यांची निवड हळूहळू निवेदकाच्या हातून कार्यक्रम प्रमुखाकडे गेली. आज बहुतेक वाहिन्यांवर म्युझिक मॅनेजर गाण्यांचे गट ठरवतो. अगदी ताजी, गाजत असलेली मोजकी गाणी दर काही तासांनी पुन्हा लागतात, थोडी जुनी झालेली त्याहून कमी वेळा आणि सर्वपरिचित जुनी गाणी अधूनमधून. एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ येऊ नयेत, सलग तीन संथ गाणी लागू नयेत, काल सकाळी आठला लागलेले गाणे आज त्याच वेळी लागू नये, असे नियम सॉफ्टवेअरमध्ये भरलेले असतात. आरसीएस या 1979 मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे ‘सिलेक्टर’ या कामासाठी जगभर वापरले गेले. सॉफ्टवेअरने लावलेली यादी म्युझिक मॅनेजर स्वतः तपासतो, दुरुस्त करतो, आणि शोच्या वेळी आरजेसमोर स्क्रीनवर तयार लॉग, म्हणजे गाण्यांची क्रमवार यादी, असतो.

तासाची मांडणीही अशीच आखीव असते. श्रोत्यांच्या मोजणीची जुनी, रूढ पद्धत अशी, की पंधरा मिनिटांच्या एका भागात श्रोत्याने किमान पाच मिनिटे वाहिनी ऐकली, तर तो पूर्ण पाव तास वाहिनीच्या खात्यात जमा होतो. (अमेरिकेत यंत्राद्वारे होणाऱ्या मोजणीत 2025 पासून ही अट तीन मिनिटांवर आणली गेली आहे.) म्हणून अनेक वाहिन्या पाव तासाची सीमा ओलांडताना जाहिराती न लावता दमदार गाणे लावतात, म्हणजे श्रोता पुढच्या पाव तासात टिकून राहतो. हे इतक्या तपशिलाने लिहिण्याचा हेतू तिला नाउमेद करण्याचा नाही. ‘लोकांनी काय ऐकावे’ हा विचार तिला मनापासून भावत असेल, तर तिची जागा मायक्रोफोनसमोर नसून म्युझिक प्रोग्रामिंगमध्ये, म्हणजे गाणी निवडण्याच्या कामात, असण्याची शक्यता अधिक आहे. तिथे कान तर लागतोच, पण आकडेवारी वाचण्याची सवय आणि एखादे आवडते गाणे श्रोत्यांना नकोसे झाले आहे हे मान्य करण्याचा मोकळेपणाही लागतो. नव्या कलाकाराला पहिली संधी देण्याचे समाधानही याच खुर्चीत मिळते.

मग आरजेच्या हातात काय उरते? दोन गाण्यांमधली जागा उरते. तिला या क्षेत्रात लिंक म्हणतात आणि ती अनेकदा अर्ध्या मिनिटाचीही नसते. गाण्याचे बोल सुरू होण्याआधी चौदा सेकंदांचे वाद्यसंगीत असेल, तर त्यावर बोलून गायकाचा पहिला शब्द येण्याआधी वाक्य पुरे करायचे असते, आणि तेही घाई जाणवू न देता. ‘मस्त गाणे होते, पुढचेही मस्त आहे, ऐकत राहा,’ ही लिंक कुणीही करू शकतो आणि ती कुणाच्याही लक्षात राहत नाही. याउलट परीक्षेच्या निकालाच्या आदल्या रात्री कुणी म्हणाले, ‘पेपर बरा गेला, असे तू घरी सांगितले आहेस. बरा म्हणजे नेमका किती, हे फक्त तुला ठाऊक आहे. उद्या सकाळपर्यंत ते आपल्या दोघांतच राहू दे,’ तर ऐकणाऱ्या मुलाला वाटते की हा माणूस माझ्याशीच बोलतो आहे. हजारोंशी बोलताना एकाशीच बोलल्यासारखे बोलणे, हे या कामाचे मर्म आहे. त्यासाठी वाचन, निरीक्षण आणि रोजचे लेखन लागते, म्हणून त्याला बडबड म्हणणे मला पटत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी गोड करून सांगणार नाही. तरुण श्रोत्यांना गाणी फोनवर हवी तेव्हा मिळतात, त्यामुळे केवळ गाणी वाजवणाऱ्या वाहिनीची गरज कमी झाली आहे. लंडनचे किस एफएम 1985 मध्ये विनापरवाना सुरू झाले, 1990 मध्ये परवाना मिळवून शहरातल्या तरुणांचे हक्काचे केंद्र बनले, आणि 2024 च्या अखेरीस त्याने एफएम लहरी सोडून डिजिटल प्रसारणावर मुक्काम हलवला. शिवाय आगाऊ ध्वनिमुद्रित लिंकमुळे एकच आरजे अनेक शहरांत ऐकू येऊ शकतो, आणि त्या प्रमाणात जागा घटतात. आरजेच्या खुर्च्या मुळातच थोड्या असतात. त्यांच्या मागे शो प्रोड्यूसर, जाहिरातींचे कॉपीरायटर, प्रोमो आणि जिंगल घडवणारे ध्वनितंत्रज्ञ, समाजमाध्यमे सांभाळणारे आणि जाहिरात विक्री करणारे असे बरेच लोक काम करतात. वाहिनीचे मुख्य उत्पन्न जाहिरातींतून येते, त्यामुळे विक्री आणि कॉपीरायटिंग या विभागांतून शिरकाव होणे तुलनेने सोपे असते. ही कौशल्ये पॉडकास्ट, ऑडिओबुक, व्हॉइसओव्हर आणि जाहिरात संस्थांमध्येही चालतात, हा मोठा दिलासा आहे.

म्हणून माझा सल्ला असा, की पदवी सोडू देऊ नका आणि रेडिओही सोडायला लावू नका. आरजेची निवड करताना वाहिनी प्रमाणपत्रापेक्षा डेमो (नमुन्याचे ध्वनिमुद्रण) आणि स्वरचाचणी पाहते, आणि डेमो तयार करायला पदवी आड येत नाही. उलट प्रोड्यूसर, विक्री किंवा कॉपीरायटिंगच्या नोकरीसाठी अर्ज करताना पदवी नसणे तिला नडू शकते. पुढचे काही महिने तिने रोज एक लिंक लिहावी, फोनवर ध्वनिमुद्रित करावी आणि दुसऱ्या दिवशी ऐकून स्वतःच काटछाट करावी. त्यासोबत एखाद्या वाहिनीचा एक तास वही घेऊन ऐकावा आणि गाणी, लिंक, जाहिराती व जिंगल कोणत्या मिनिटाला लागतात ते टिपावे. महाविद्यालयाचे सामुदायिक रेडिओ केंद्र असेल, तर तिथे विनामोबदला काम करण्यातही कमीपणा मानू नये. हे टिपण करताना ती गाण्यांच्या क्रमात रमते की दोन गाण्यांमधल्या बोलण्यात, हे तुम्ही आणि ती दोघींनी मिळून पाहा. मी म्हणतो त्या निवडीचे उत्तर तिथेच मिळेल.

अभ्यासक्रम सुट्टीत किंवा पदवीनंतर करायला हरकत नाही. फी भरण्यापूर्वी संस्थेला थेट विचारा, की प्रत्येक विद्यार्थ्याला स्टुडिओत प्रत्यक्ष किती तास मिळतात, शिकवणाऱ्यांपैकी किती जण सध्या वाहिनीत काम करतात, गाण्यांचे लॉग तयार करायला शिकवले जाते का, आणि मागच्या तुकडीतले विद्यार्थी आज कुठे, कोणत्या पदावर आहेत. नोकरीची हमी तोंडी देऊन लेखी द्यायला जी संस्था नकार देते, तिथे प्रवेश घेऊ नका.