क्लेम फॉर्मवरचा एक चुकीचा कोड

तासगावच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलाचं पत्र आहे. वडिलांच्या अंगावर पाच-सहा वर्षं चट्टे होते. घरच्यांनी ते बागेतल्या फवारणीमुळे आले असं धरलं आणि मलमावर काढलं. शेवटी बायोप्सीत मायकोसिस फंगॉइडिस हा त्वचेवर दिसणारा कर्करोग निघाला. आता मिरजेत पुवा उपचार चालू आहेत. मेथॉक्सॅलेनची गोळी घ्यायची, दीडदोन तासांनी अतिनील किरणांच्या पेटीत उभं राहायचं, आठवड्यातून तीनदा. दहा लाखांची क्रिटिकल इलनेस पॉलिसी 2017 पासून आहे आणि एकही हप्ता चुकलेला नाही. तरी ‘मेलॅनोमा नसलेला त्वचेचा कर्करोग पॉलिसीत बसत नाही’ असं लिहून कंपनीनं क्लेम नाकारला. (मेलॅनोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग.) त्या पत्राला चौदा महिने झाले. मुलाचा प्रश्न असा, की एक रात्र दाखल दाखवून मेडिक्लेममधून तरी बिलं निघतील का?

नाही. आणि हा विचार आजच सोडा. खोट्या दाखल्यावर केलेला क्लेम ही फसवणूक ठरते. त्यात मेडिक्लेम तर जाईलच, पण कंपनी तेच प्रकरण दुसऱ्या पॉलिसीत तुमच्याविरुद्ध वापरेल. पुवा हा ओपीडीत घेण्याचा उपचार आहे, आणि डे-केअरच्या, म्हणजे रात्रभर न राहता दिवसात उरकणाऱ्या उपचारांच्या, व्याख्येतच लिहिलेलं असतं की एरवी ओपीडीत होणारे उपचार त्यात धरले जाणार नाहीत. तुमच्या मेडिक्लेमला वेगळं ओपीडी कवच असेल तर एकदा विचारा. नसेल तर तिथे वेळ घालवू नका.

तुमचे पैसे दहा लाखांच्या पॉलिसीत आहेत. ती ठरलेली रक्कम आजाराच्या निदानावर देते, बिलांवर नाही. गोळी घेतलेल्या दिवशी वडिलांना उन्हात जाता येत नाही, डोळ्यांना गॉगल लागतो, म्हणजे आठवड्यातले तीन दिवस बाग दुसऱ्याच्या हाती. हे नुकसान कुठल्याच बिलावर येत नाही. त्याच्यासाठीच ही पॉलिसी असते.

आता पॉलिसीतली कर्करोगाची व्याख्या उघडा. विमा नियामकानं ठरवून दिलेली व्याख्या त्यात असेल, तर ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग), लिम्फोमा (लसीका पेशींचा) आणि सार्कोमा (हाडं, स्नायू अशा ऊतींचा) कर्करोगात धरले जातील असं तिथे स्पष्ट लिहिलेलं सापडेल. वगळलाय तो मेलॅनोमा नसलेला त्वचेचा ‘कार्सिनोमा’, तोही लसीकाग्रंथींपर्यंत पसरला नसेल तरच. कार्सिनोमा म्हणजे त्वचेच्या किंवा अवयवांच्या अस्तराच्या पेशींत सुरू होणारा कर्करोग. मायकोसिस फंगॉइडिस कार्सिनोमा नाही. तो टी-पेशींचा लिम्फोमा आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी एका प्रकारच्या पेशी बिघडतात आणि त्वचेत येऊन बसतात, म्हणून तो त्वचेवर दिसतो. औषधही त्या पेशींसाठीच आहे. मेथॉक्सॅलेन पेशीच्या डीएनएत शिरून बसतं, प्रकाश पडला की डीएनएला घट्ट जखडतं, आणि मग त्या पेशीला वाढता येत नाही. सोरायसिस आणि कोडाचे रुग्णही त्याच पेटीत उभे राहतात, म्हणून कंपनीच्या डॉक्टरला हा चामडीचा साधा आजार वाटला असेल.

पण त्याला तसं वाटायला तुम्हीच कागद दिलात. तुम्ही पाठवलेल्या क्लेम फॉर्मवर आजाराचा कोड सी 44 आहे. तो त्वचेच्या इतर कर्करोगांचा. मायकोसिस फंगॉइडिसचा कोड सी 84.0 आहे आणि तो लिम्फोमाच्या गटात येतो. कोड रुग्णालयाच्या काउंटरवरच्या माणसानं लिहिला असेल, पण खाली सही वडिलांची आहे. दहा लाखांच्या कागदावर सही करताना पाच मिनिटं काढून तो वाचायला हवा होता. माझ्याकडे येणाऱ्या नाकारलेल्या क्लेमांत हेच पुन्हा पुन्हा दिसतं, आणि दरवेळी जीव जळतो.

उपचार करणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडून लेखी दाखला घ्या. निदान, कोड सी 84.0, बायोप्सीची तारीख आणि ‘हा कार्सिनोमा नसून लिम्फोमा आहे’ हे वाक्य त्यात हवं. बायोप्सीचा मूळ अहवाल आणि पेशींच्या विशेष तपासणीचा अहवाल जोडा. आजार अजून वरवरचा आहे, आत शिरलेला नाही, असा मुद्दा कंपनी काढू शकते. त्यावर निकाल कुठे जाईल हे अहवाल पाहिल्याशिवाय सांगणार नाही. चट्टे पॉलिसीआधीचे होते असंही म्हणतील, पण सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिल्यावर सिद्ध झालेल्या फसवणुकीशिवाय माहिती लपवल्याचं कारण सहसा टिकत नाही.

चौदा महिने तुम्ही एजंटला व्हॉट्सअॅप करत बसलात. कायद्याच्या लेखी ती तक्रार नाही. या आठवड्यात कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोच जपून ठेवा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, की पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. सांगली जिल्हा त्यांच्याकडेच येतो, फी नाही, वकील लागत नाही. मुदतीचा आक्षेप आला, तर लेखी तक्रारीवरच्या उत्तरापासून वर्ष मोजायचं असतं हे दाखवा.

सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाव्याला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. नकाराचं पत्र मिळालेल्या दिवसापासून मोजलं तर तुमच्या हातात दहा महिने आहेत, आणि एजंटशी कितीही बोललात तरी ते थांबत नाहीत. आयोगानं तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि उपचार घेणाऱ्या माणसाला त्या परवडत नाहीत. म्हणून आधी लोकपाल. तिथे प्रकरण चालू असताना एकविसावा महिना उजाडला, तर वकिलाला भेटा आणि आयोगाचे कागद तयार करून ठेवा. नकाराच्या पत्राचा लिफाफा टाकून दिला नसेल, तर त्यावरचा टपालाचा शिक्काही जपून ठेवा.