इंग्लंडमधली एकच जुनी बाग पाहायची असेल तर कोणती पाहावी?

जूनमध्ये लेकीकडे लंडनला जाताय आणि हाताशी एकच दिवस आहे म्हणता, तर केंटमधलं सिसिंगहर्स्ट पाहा. चेरिंग क्रॉसहून ट्रेनने साधारण तासाभरात स्टेपलहर्स्ट, तिथून टॅक्सी.

आत शिरल्यावर लगेच फुलांकडे वळू नका, आधी विटांच्या मनोऱ्यावर चढा. पहिल्या वेळी मी तो तसाच सोडला आणि दोन तास नुसती भिरभिरत राहिले. पुढच्या खेपेला वर गेले, तेव्हा उमगलं की हा बिनछपराचा वाडा आहे. एकेक खोली वेगळी, भिंती जुन्या विटांच्या नाहीतर काटेकोर कातरलेल्या यू या सदाहरित झाडांच्या.

लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि तिचा नवरा हॅरॉल्ड निकल्सन यांनी 1930 मध्ये ही जागा घेतली, तेव्हा इथे सोळाव्या शतकातल्या वाड्याचे पडके अवशेष आणि कचरा होता. आखणी त्याची, लागवड तिची. त्याला सरळ रेषा हव्या, तिला वाफे ओसंडून वाहायला हवे. दोघांचंही मन राखलं गेलंय, आणि मला या बागेचं सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच आहे. 1938 मध्ये ती लोकांना खुली झाली. तिकीट एक शिलिंग, म्हणून व्हिटा येणाऱ्यांना 'शिलिंगवाले' म्हणायची! 1967 पासून ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

आता या खोल्यांपैकी सगळ्यात प्रसिद्ध खोलीबद्दल, म्हणजे पांढऱ्या बागेबद्दल. फुलं पांढरी, पानं हिरवी आणि रुपेरी, तिसरा रंग जवळजवळ नाहीच. मोगरा, प्राजक्त संध्याकाळनंतर उमलताना पाहिलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. व्हिटाच्या मनातही तिन्हीसांजेचाच उजेड होता. पण बाग त्याआधीच बंद होते. म्हणून त्या दिवशी आभाळ भरून आलं तर हिरमुसू नका. कडक उन्हात हा पांढरा रंग डोळ्यांवर येतो, मळभात मात्र आतून उजळल्यासारखा दिसतो.

तारीख तुमच्या हातात असेल तर एवढं बघा: तिथले जुन्या जातींचे सुगंधी गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच, जूनमध्ये फुलतात. पांढऱ्या बागेतल्या मधल्या मांडवावरचा गुलाबवेल मात्र जुलैच्या सुरुवातीला बहरतो. मी असते तर जूनचा शेवटचा आठवडा धरला असता.